उळ्याच्या दोन कोठ्या

कांद्याच्या चाळीत मोठ्यानं बोलायचं नाही, हा सासरचा पहिला नियम मला लग्नानंतर तिसऱ्या दिवशी कळला. मी चाळीच्या तोंडाशी उभी राहून माहेरी फोनवर बोलत होते. माझा आवाज मुळातच चढा. वडील एकलहऱ्याच्या वीज केंद्रात कामाला, दिवसभर यंत्रांच्या घरघरीत ओरडून बोलायची त्यांना सवय, आणि ती सवय आमच्या सगळ्या घरालाच लागलेली. तर मी बोलत असताना सासरे चाळीतून बाहेर आले आणि अगदी हलक्या आवाजात म्हणाले, "सूनबाई, जरा हळू. झोपलेत."

मला वाटलं, लग्नाचे पाहुणे असतील. मी घाईघाईनं डोक्यावर पदर घेतला आणि आत वाकून पाहिलं. आत नुसते कांदे होते.

आमचं गाव देवळा तालुक्यात. सासऱ्यांना अख्खं गाव आप्पा म्हणायचं. जन्मभर त्यांनी शेतीशिवाय दुसरं काही केलं नाही, आणि शेतीतही खरं प्रेम एकट्या कांद्यावर. उन्हाळ कांदा काढला की तो झोपतो, असं त्यांचं म्हणणं. थोडी चूक झाली की त्याची झोप मोडते, कोंब येतो, मग तो गेलाच. आवाजानं कांदा जागा होतो हे कुठल्या पुस्तकात लिहिलंय, असं मी एकदा विचारलं होतं. "पुस्तक लिहिनारा चाळीत झोपला व्हता का?" असं उत्तर मिळालं. स्वतः आप्पा मात्र उन्हाळ्यात चाळीच्या सावलीत खुशाल झोपायचे, आणि त्यांच्या घोरण्यानं एकही कांदा जागा झालेला मी पाहिला नाही.

मला पाहायला आले होते तेव्हाचीच गोष्ट सांगते. आमच्याकडे सगळी तयारी झालेली. आईनं पोहे केलेले, मी साडी नेसून तयार. मुलाच्या वडिलांनी मुलीला नाव विचारावं, शिक्षण विचारावं. आप्पांनी पिशवीतून तीन कांदे काढले, टीपॉयवर मांडले आणि मला म्हणाले, "यातला दिवाळीपर्यंत कोनता टिकंल?"

मी सगळ्यात मोठा, चकचकीत कांदा उचलला.

"हा महिन्यात सडंल," आप्पा म्हणाले. मग सर्वांत बारका कांदा माझ्या हातात दिला. "मान चाचपून बघ. बारीक मान, तो टिकतो. जाड मानेत पानी ऱ्हातं." माझी आई माझ्याकडे अशी बघत होती, जणू मी दहावी नापास झाले. आप्पांनी मात्र माझ्या होणाऱ्या नवऱ्याकडे पाहून एकच शब्द काढला, "शिकंल." ठरलं लग्न. आपल्या पोह्यांना कुणी हातसुद्धा लावला नाही हे दुःख आई अजून बोलून दाखवते.

निघताना ते आमच्या गॅलरीत उभे राहिले आणि वीज केंद्राच्या चिमण्यांकडे बराच वेळ बघत राहिले. "रातंदिस चालूच ऱ्हातं हे?" त्यांनी माझ्या वडिलांना विचारलं. वडील अभिमानानं हो म्हणाले. आप्पांनी मान हलवली. "मंग झोपतं कधी?"

माणसं मोजायचं त्यांचं माप वेगळंच होतं. कांद्याच्या पातीतून मधेच फुलाचा दांडा वर येतो, त्याला आमच्याकडे डेंगळा म्हणतात. बियाण्यासाठी मुद्दाम लावला तर ठीक, पण विकायच्या पिकात डेंगळा आला की खालचा कांदा पोकळ निघतो, कवडीच्या कामाचा राहत नाही. निवडणुकीच्या दिवसांत एक पुढारी पांढऱ्या कपड्यात आमच्या ओट्यावर येऊन तासभर बोलून गेला. आप्पांनी सगळं शांतपणे ऐकलं, चहा पाजला आणि गाडी वळल्यावर म्हणाले, "डेंगळा हाय." गोड बोलून दोन्हीकडे राहणारा त्यांच्या लेखी जोड कांदा. माझ्याबद्दल त्यांनी असं काही म्हटल्याचं मला आठवत नाही, पण नवऱ्याला ठाऊक असावं, कारण विचारलं की तो विषय बदलतो.

आता उळ्याचं सांगायला हवं. उळं म्हणजे कांद्याचं बी. आप्पा दुकानातून कधी उळं आणत नसत. दिवाळीपर्यंत चाळीत कोंब न येता जे कांदे राहतील, त्यातून ते एकेक निवडत. चार दिवस त्यांचं तेवढंच काम चाले. त्या निवडक कांद्यांना ते आया म्हणत. त्या आया डोंगराच्या पायथ्याला, बाकीच्या कांद्यांपासून लांब लावायच्या, त्यांना डेंगळे येऊ द्यायचे आणि उन्हाळ्यात उळं काढायचं. हे उळं त्यांनी कधी विकलं नाही. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी गावातली ठरलेली सात घरं येत, आप्पा त्यांना पितळी मापानं उळं देत. बदल्यात एकच गोष्ट मागत. तुमच्या शेतातला उपटलेला पहिला कांदा मला आणून दाखवा. तो ते मुठीनं फोडून खात आणि काय वाटलं ते सांगत. लोक परीक्षेचा निकाल ऐकावा तसं ऐकत.

घरात उळ्याच्या दोन पत्र्याच्या कोठ्या होत्या, अगदी सारख्या. एकीत उन्हाळ कांद्याचं उळं, दुसरीत लाल कांद्याचं, जे पावसाळ्यात पेरून उरायचं. दोन्ही उळी काळी कुळकुळीत, शेजारी शेजारी ठेवली तर ब्रह्मदेवालाही ओळखता येणार नाहीत. मी एकदा म्हटलं, "आप्पा, कोठीवर नाव लिहून ठेवू का?" ते दुखावलेच. "नाव लिवलं का मानूस बघायचं सोडतो. भिंतीकडची उन्हाळ, दाराकडची लाल. जनमभर हेच हाय."

त्यांना भीती अशी कशाची वाटत नसे. एका गोष्टीची सोडून. त्यांचे थोरले भाऊ, ज्यांना आम्ही थोरले बाबा म्हणायचो, म्हातारपणी सगळं विसरले. पिवळ्या पडलेल्या, कापणीला आलेल्या गव्हात पाणी भरायला निघायचे. शेवटी शेवटी तर त्यांनी स्वतःच्या बायकोला विचारलं, "तू कोनाची वं माय?" मी तेव्हा नवी नवरी होते. ते ऐकून आप्पा उठून बाहेर गेले आणि अंधार पडेपर्यंत शेतातच राहिले. पुढे कधी चष्मा कुठं ठेवला ते आठवलं नाही, तर त्यांचा चेहरा एवढासा व्हायचा.

माझ्या लग्नाला चार वर्षं झाली, त्या वर्षी हे सगळं अंगावर आलं.

घट बसायच्या आधी आमच्याकडे घर धुऊन काढतात. गोधड्यांपासून डब्यांपर्यंत सगळं अंगणात येतं. त्या वर्षी सासूबाईंचा गुडघा दुखत होता, म्हणून बरंच काम मी अंगावर घेतलं. माजघर धुवायला म्हणून दोन्ही कोठ्या मीच ओढत बाहेर नेल्या, फरशी वाळल्यावर मीच आत आणल्या. मग दसरा झाला, सात घरं आली, आप्पांनी भिंतीकडच्या कोठीतलं उळं सगळ्यांना वाटलं आणि आमचंही रोप त्यातूनच टाकलं. पुढे लागण झाली, थंडी पडली, शेतं हिरवीगार झाली. माझ्या डोक्यात कोठ्यांचा विचारही आला नाही.

संक्रांतीनंतर आप्पा बदलले. रोज सकाळी उठून लोकांच्या बांधावर जाऊन बसायचे. जेवताना घास हातात तसाच राहायचा. मी एकदा दुपारी त्यांना चहा घेऊन गेले, तर ते आमच्या शेजारच्या सुमनकाकूंच्या शेतात वाफ्यात उकिडवे बसले होते. त्यांनी मला बोटानं दाखवलं. एका वाफ्यात पाच डेंगळे.

"थंडीनं येतात की चार-दोन," मी म्हटलं. एवढं मी तोवर शिकले होते.

"येतात." त्यांनी एक डेंगळा मोडून हातात फिरवला. मग म्हणाले, "लाल उळं या दिवसात लावलं तर समद्या शेतात डेंगळे येतात, पोरी. मी भिंतीकडची कोठी दिली. पन यंदा भिंतीकडं उन्हाळच ठेवली व्हती का मी? लय आठवून पाह्यलं. आठवत नाय. हात ठेवतो तिथं नुसतं कोरं हाय."

माझ्या डोळ्यांपुढे अंगणात ऊन खात पडलेल्या दोन कोठ्या आल्या आणि त्या ओढत आणणारे माझे हात. कुठली कुठं ठेवली? मला काही केल्या आठवेना, कारण ठेवताना मी पाहिलंच नव्हतं. मी आप्पांच्या हातात चहाचा पेला दिला आणि घरी आले.

आठ दिवस मी काही बोलले नाही. आज लिहितानाही लाज वाटते. सात घरांचा हंगाम, अधिक आमचा. चूक कळली असती तर गावानं म्हटलं असतं, वीज केंद्राच्या कॉलनीतली सून आणली, आणखी काय होणार? आणि खरं सांगायचं तर, आपल्यावर कुणाचा संशय नाही याचं मला आतून बरं वाटत होतं. आप्पा त्यांच्या परीनं लपवत होते, मी माझ्या परीनं. सासूबाईंना तर आम्ही दोघांनीही पत्ता लागू दिला नाही. त्यांचा गुडघा दुखतोय, कशाला त्रास, असं मी मनाला सांगत होते.

नवव्या दिवशी सकाळी मी धार काढायला गोठ्यात गेले. आत आप्पांचा आवाज येत होता. ते पाढे म्हणत होते. "एकोणतीस सत्ते दोनशे तीन, एकोणतीस अठ्ठे दोनशे बत्तीस." पाढा बिनचूक संपला. मग त्यांनी त्यांच्या आयुष्यातल्या बैलांची नावं घ्यायला सुरुवात केली. "ढवळ्या, मोरख्या, हौश्या, मंग, मंग तो शिंगमोड्या, त्याच्या जोडीचा..." तिथं ते अडले. पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, पुन्हा तिथंच अडले. मी दारातून पाहिलं तर गाईच्या पाठीवर कपाळ टेकून उभे होते.

मला राहवलं नाही. चरवी खाली ठेवली आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. कोठ्या मी बाहेर नेल्या, मी आत आणल्या, कुठली कुठं ठेवली ते मी पाहिलं नाही, आणि आठ दिवस मी तुम्हाला सांगितलं नाही.

आप्पा माझ्याकडे बघत राहिले. मग हळूहळू खाली गव्हाणीच्या कडेवर बसले. मला वाटलं, आता काही खरं नाही. एवढ्यात ते हसायला लागले. डोळ्यांतून पाणी वाहतंय आणि हसतायत. आप्पा आमच्याशी मराठीत बोलायचे, पण मन भरून आलं की त्यांची अहिराणी बाहेर यायची. "मले भूल नही पडनी," ते म्हणाले. "मन्हं डोकं ठिकानवर शे. अवं माय, मन्हं डोकं ठिकानवर शे!"

मी रडत होते आणि ते, आपलं डोकं ठिकाणावर आहे हेच पुन्हा पुन्हा सांगत, माझ्या डोक्यावरून हात फिरवत होते. आठ घरांचं पीक हातचं गेलं असेल आणि हा माणूस आनंदानं रडतोय, हे मला कळायला वेळ लागला. पिकाची काळजी त्यांना होतीच. पण तो थोरल्या भावाचा धाक त्यांनी एवढे दिवस एकट्यानं वाहिला होता.

डोळे पुसून ते उठले. "चल. सात घरी सांगायला पायजे."

"आत्ता?"

"मंग कधी? डेंगळे सांगतील तवा?"

पहिल्या घरी त्यांनी हात जोडून सांगितलं, "उळ्यात माझ्याकडून चूक झाली आसंल. लाल गेलं आसंल. तयारीनं ऱ्हा." त्या घरचे आजोबा म्हणाले, "ऱ्हाऊ द्या आप्पा, रोप तर झ्याक आलं व्हतं." दुसऱ्या घरचा तरुण मुलगा मात्र भडकला. "आता सांगता? लागण करून महिना झाला आप्पा! आता काय उपटून टाकू का?" आप्पा मान खाली घालून उभे राहिले. जन्मात त्यांना असं कुणी बोललं नसेल. मला सहन होईना. मी पुढे होऊन म्हटलं, "त्यांची चूक नाही, माझी आहे." बाहेर आल्यावर आप्पा माझ्यावरच चिडले. "तुला कोनी इचारलं व्हतं? उळं माझ्या हातचं व्हतं." सुमनकाकूंनी ऐकून घेतलं, डेंगळे आले तर त्यांचीच भाजी करू म्हणाल्या आणि आम्हाला बळेच चहा पाजला.

चार घरं झाली आणि आम्ही जेवायला घरी आलो. गावात बातमीला पाय नसतात, फोन असतो. सासूबाई ओट्यावर गुडघ्याला फडकं बांधून आमची वाटच बघत होत्या.

"गावभर काय सांगत हिंडून ऱ्हायले?" त्यांनी विचारलं.

आम्ही दोघांनी सांगितलं, आळीपाळीनं, एकमेकांची वाक्यं तोडत. त्या ऐकून घेत होत्या आणि त्यांचा चेहरा लाल होत होता. सगळं ऐकल्यावर त्या भडकल्याच. "मले इचारं व्हतं ना! कोनी तोंड धरेल व्हतं का तुमचं?"

त्या लंगडत माजघरात गेल्या. मागोमाग आम्ही. दाराकडची कोठी त्यांनी मला आडवी करायला लावली. बुडाला पत्र्यावर निळा ठिपका होता, पोळ्याला बैलांच्या शिंगांना लावतो त्या रंगाचा.

"ही लाल," सासूबाई म्हणाल्या. "हिच्या बुडाला ठिपका हाय. भरलेली हाय का नाय? मंग लाल घरातच हाय. वाटली ती उन्हाळ." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तू उलट्याच ठेवल्या व्हत्या. घट बसवायला आले तवा मी बदलल्या."

आप्पा ठिपक्याकडे बघत होते. त्यांनी विचारलं, "ठिपका कधी लावला?"

"तुमचा मोठा पोरगा पोटात व्हता तवा. दरसाल तुम्ही कोठ्या धुता आन मन मानंल तशा ठेवता. दरसाल मी सरळ करते."

"सांगितलं नाय कधी."

"तुम्ही म्हनायचे, मला खुना लागत नाय." सासूबाई जराशा घुटमळल्या. "म्हनून बुडाला लावला."

जन्मभर ज्या आठवणीचा माणसाला अभिमान, ती आठवण त्याची नव्हतीच. मला वाटलं आप्पांना लागेल हे. त्यांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, पुन्हा घातली आणि त्यांचं अंग हसण्यानं गदगदायला लागलं.

"म्हंजे इसरायला माझ्याकडं काय नव्हतंच," ते म्हणाले.

त्या दुपारी आम्ही पुन्हा निघालो, या वेळी सासूबाई पुढे, काठी टेकत. आधी सांगितलेल्या चारही घरी त्यांनीच सांगितलं. त्या भडकलेल्या मुलानं आप्पांच्या पायाला हात लावला, तर आप्पा म्हणाले, "माझ्या नको, हिच्या लाव." थंडी सरली, डेंगळे वाफ्यामागे पाच-सातांवर थांबले. एप्रिलमध्ये सात घरांतून कांदे आले, बारीक मानेचे, घट्ट. आप्पांनी पहिला कांदा फोडला आणि अर्धा सासूबाईंपुढे धरला. त्यानंतर दर दसऱ्याला माप आप्पांच्या हातात आणि कोठी दाखवायला सासूबाई, अशी पद्धत पडली. कोठीवर नाव लिहायला मात्र आप्पांनी शेवटपर्यंत परवानगी दिली नाही.

आप्पांना जाऊन आता दोन वर्षं झाली. गेले तेव्हा आम्हा सगळ्यांना नावानं ओळखत होते, याचं समाधान मला फार वाटतं. त्याच्या चार महिने आधी छातीत कफ साठला म्हणून त्यांना नाशिकला दवाखान्यात ठेवलं होतं. ताप उतरला, तरी वयाचा विचार करून एक तरुण डॉक्टर त्यांचं डोकं ठीक चालतंय का बघायला आले. नाव विचारलं, सांगितलं. गाव विचारलं, सांगितलं. महिना विचारला, तर पौष म्हणाले. डॉक्टरांनी मोबाइलमध्ये बघून खात्री केली. मग सासूबाईंकडे बोट करून विचारलं, "आजोबा, या कोण?"

आप्पा सासूबाईंकडे नुसते बघत राहिले. मला थोरले बाबा आठवले. नवऱ्यानं माझं मनगट घट्ट धरलं.

"मी कोन ते हिला इचारा," आप्पा म्हणाले. "माझं समदं हिच्याकडं ठेवलेलं हाय."

डॉक्टरांचा चेहरा पडला. त्यांनी हळूच कागदावर काहीतरी टिपलं आणि काळजीनं आमच्याकडे बघितलं, तर आम्ही सगळे हसत होतो. नवरा हसता हसता भिंतीला टेकला होता. आमचा जीव कसा भांड्यात पडला होता, ते त्या बिचाऱ्याला कसं कळावं? सासूबाई मात्र हसल्या नाहीत. त्या उठल्या, आप्पांची तिरकी झालेली टोपी सरळ केली आणि डॉक्टरांना म्हणाल्या, "लिहा भाऊ. समदं ठिकानवर शे."